कोंबड्यांचं खुराडं आणि काचेचं घर

हिंगोलीच्या जुन्या लष्करी छावणीवर गेली बारा-तेरा वर्षं मी टिपणं काढते आहे. कुणी सांगितलेलं काम नव्हे. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी एका पतसंस्थेत हिशेबनिसाची. इतिहासाचं शिक्षण म्हणाल तर तालुक्याच्या वाचनालयात जे हाती लागलं तेवढंच. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणाऱ्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेचं हिंगोली हे एक ठाणं होतं, एवढं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारत गेले.

त्या टिपणांत एक नाव आहे: हर्बर्ट मॅकवर्थ क्लॉग्स्टन. मद्रास पायदळातला अधिकारी, कंटिंजंटच्या दुसऱ्या घोडदळाबरोबर काम करणारा. जानेवारी १८५९मधल्या एका चकमकीत केवळ आठ स्वारांनिशी बंडवाल्यांवर चालून गेला, आठांतले सात गमावले, स्वतः जखमी झाला आणि त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ६ मे १८६२ रोजी तो हिंगोलीत लढताना मारला गेला. मी तारीख लिहून घेतली, खाली रेघ मारली आणि पुढच्या पानावर गेले. बाहेरून आलेल्या माणसांची नावं आपण अशीच लिहून घेतो. त्यांच्या घरात कोण होतं, हे विचारायचं सुचत नाही. (त्या सात स्वारांची नावं तर माझ्याकडेही नाहीत.)

पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईला फाउंटनच्या पदपथावर जुन्या छायाचित्रांचं एक इंग्रजी पुस्तक उलटताना एका चित्राखाली ते आडनाव पुन्हा दिसलं. चित्रात पलंगावर एक मुलगी आहे. डोळे मिटलेले. झोपलेली वाटते, पण झोपलेली नाही. अ‍ॅडलिन ग्रेस क्लॉग्स्टन, १८७२. दहाएक वर्षांची. आमच्या हिंगोलीत मारल्या गेलेल्या त्या अधिकाऱ्याची लेक. इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रातल्या आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर वारली आणि तिचा अखेरचा फोटो तिच्या आजीच्या बहिणीने काढला. या आजीचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. पुस्तक तिचंच होतं. प्रस्तावनेत लिहिलं होतं की या बाईने कॅमेरा हातात धरला तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

मी पुस्तक विकत घेतलं. दुकानदाराशी घासाघीस केली नाही, हे माझ्या स्वभावाला सोडून होतं. कारण सांगते. मी स्वतः एकोणपन्नासाव्या वर्षापासून बारशांचे, डोहाळजेवणांचे आणि साखरपुड्यांचे फोटो काढते. पतसंस्था बंद पडली, मुलाने नवा कॅमेरा घेताना जुना माझ्याकडे सरकवला, ‘आई, वेळ जाईल तुझा’ म्हणाला आणि पुण्याला निघून गेला. शेजारच्या घरी बारसं होतं. ठरलेला फोटोवाला आयत्या वेळी आला नाही. माझी ओटी भरून पाचशे एक रुपये हातावर ठेवले, तो माझा पहिला मेहनताना. आज छपन्न वर्षांची आहे आणि तिथीवर काम नसेल तर बेचैन होते.

तेव्हा या लेखात अभ्यास आहे तसा आपपरभावही आहे, हे वाचकाने आधीच गृहीत धरावं.

ज्युलियाची गोष्ट नेहमी सांगितली जाते ती अशी. १८६३चा नाताळ. नवरा सिलोनला कॉफीच्या मळ्यांवर गेलेला, मुलं पांगलेली, बाई बेटावरच्या घरात एकटी. लेक आणि जावई तिला कॅमेऱ्याची पेटी भेट देतात, आई, एकटेपणात विरंगुळा होईल, असं म्हणून. आणि कालपर्यंत घरकामात बुडालेली ही प्रौढ स्त्री एकदम महान छायाचित्रकार होते. गोष्ट गोड आहे, खोटीही नाही. पण तिच्यात आधीची पंचवीस वर्षं गळून पडतात. आणि उशिरा सुरुवात करणाऱ्या बायकांच्या बाबतीत नेमकी आधीचीच वर्षं गाळली जातात असा माझा अनुभव आहे.

ज्युलियाचा जन्म ११ जून १८१५चा, कलकत्त्याचा. वडील जेम्स पॅटल कंपनी सरकारच्या बंगालमधल्या मुलकी सेवेत, आई फ्रेंच उमराव घराण्यातली. मोठ्या झालेल्या सात बहिणी. बाकीच्या सहा रूपाबद्दल नावाजलेल्या, ही मात्र हुशारीबद्दल. आपल्याकडे ‘नाकीडोळी नीटस नाही, पण कामाला वाघ’ असं जे म्हणतात, तसंच काहीसं. बालपणाचा मोठा भाग फ्रान्समध्ये आजीजवळ गेला. विशीत प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या टोकाला केपला गेली असताना तिची दोन माणसांशी ओळख झाली आणि पुढच्या आयुष्याच्या दोन्ही नाड्या तिथे जुळल्या. एक सर जॉन हर्शेल, खगोलशास्त्रज्ञ. दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन, कायदेपंडित, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. १८३८मध्ये कलकत्त्यात त्यांचं लग्न झालं.

या चार्ल्सरावांशी आपलं एक जुनं नातं आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या ज्या पहिल्या विधी आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला, त्याचे ते सदस्य होते; मुंबई इलाख्यातर्फे त्याच आयोगावर अँडरसन होते. मसुदा १८३७चा, कायदा १८६०चा आणि १ जुलै २०२४पर्यंत आपल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात त्याच संहितेची कलमं लागत होती. ‘चारशे वीस’ हा शब्द आपण ज्या पुस्तकातून उचलला, त्या पुस्तकामागे या बाईचा नवरा होता.

हर्शेलचं महत्त्व वेगळं. ‘हायपो’ नावाच्या रसायनाने फोटो पक्का होतो, हे छायाचित्रणाच्या उपयोगात आणणारा तोच. फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला १८३९मध्ये, आणि हर्शेलने ती बातमी पत्राने ज्युलियाला कलकत्त्याला कळवली. पुढे १८४२मध्ये काही नमुनेही पाठवले. म्हणजे मुंबईत एकाही छायाचित्रकाराची पाटी लागली नव्हती तेव्हा ही बाई हुगळीकाठी बसून फोटो हातात धरून बघत होती. १८४८मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे तिने नातलगांसाठी, स्नेह्यांसाठी फोटोंचे अल्बम तयार केले. १८६३च्या उन्हाळ्यात, कॅमेरा मिळण्याच्या काही महिने आधी, बहीण मारियासाठी केलेला अल्बम प्रसिद्ध आहे. ऑस्कर रेलँडर या त्या काळच्या नामांकित छायाचित्रकाराच्या काचेवरून तिने स्वतः एक छाप काढला, कडेने नेच्याची पानं मांडून त्यांची नक्षी उठवली. डेव्हिड विल्की विनफील्ड या चित्रकाराकडून एक धडा घेतला आणि त्याचं ऋण पुढे मोकळेपणाने मानलं.

लेकीने पेटी दिली ती या आईला. लेकीला ठाऊक होतं आईला काय हवं आहे. ‘वेळ जाईल’ हे म्हणायचं कारण झालं. माझ्या मुलालाही बहुधा ठाऊक असावं. लग्नात मी कायम फोटोवाल्याच्या मागे उभी असायचे, त्याने कुणाला गाळलं ते बघत.

फ्रेशवॉटर गावच्या त्यांच्या घराचं नाव ‘डिंबोला’, सिलोनच्या मळ्यावरून ठेवलेलं; शेजार कवी टेनिसनचा. ज्युलियाने घरची कोळशाची खोली अंधारखोली केली आणि कोंबड्यांचं काचा लावलेलं खुराडं मोकळं करून तिथे स्टुडिओ थाटला. कोंबड्या सोडून दिल्या, खाल्ल्या नाहीत, असं तिने आवर्जून नोंदवलं आहे. गंमत म्हणजे ज्या कागदावर ती छाप काढायची तो ‘अल्ब्युमिन’ कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचाच. कोंबड्यांवाचून कुणाचं भागत नव्हतं.

त्या काळचा फोटो म्हणजे काय प्रकरण होतं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवरदेवाच्या मित्रांच्या हातातले मोबाइल बघितले की मलाही ते विसरायला होतं. काचेची मोठी तावदानं, साधारण अकरा इंच बाय नऊ इंचांची. आधी काच घासून निर्मळ करायची. एक बोट लागलं तरी डाग. मग ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं गनकॉटन, म्हणजे कोलोडियन, त्या काचेवर ओतायचं आणि काच चारी कोपऱ्यांत हलकेच कलवून ते सारखं पसरवायचं. धिरड्याचं पीठ तव्यावर फिरवतात तसं, फक्त तवा हातात आणि खोली ईथरच्या वासाने भरलेली. ते चिकट असतानाच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं. ओली काच साच्यात घालून धावत कॅमेऱ्यापाशी जायचं. समोरच्या माणसाने काही मिनिटं हलायचं नाही. पुन्हा धावत अंधारखोलीत. हिराकशीचं पाणी एका दमात ओतून चित्र उठवायचं, मग हायपोने किंवा सायनाइडने पक्कं करायचं, विहिरीच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, वाळवायचं, शेकायचं, वॉर्निश द्यायचं. यातलं चित्र उठवण्यापर्यंतचं सगळं काच वाळायच्या आत, म्हणजे काही मिनिटांत. वाळली की गेली. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग हाताला, पदराला, टेबलावरच्या चादरीला. ज्युलियाचे हात कायम काळे असायचे. प्रत्येक नवी काच घेऊन ती जेवणघरात नवऱ्याला दाखवायला धावायची आणि चादरींवर डाग पाडायची.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मदतीला घरच्या मोलकरणी, शिकवायला कुणी नाही. पहिला बसवलेला माणूस गावचा एक शेतकरी. तासाला अर्धा क्राउन देऊन बसवला आणि तिने ओल्या काचेवरून स्वतःच्याच हाताने तो पुसून टाकला. मला हे वाचताना हायसं वाटलं. जानेवारी १८६४च्या अखेरीस ओळखीतली एक छोटी मुलगी, अ‍ॅनी फिलपॉट, स्थिर बसली आणि चित्र आलं. ज्युलियाने त्याला आपलं पहिलं यश म्हटलं, त्याच दिवशी छाप काढला, चौकटीत बसवला आणि मुलीच्या वडिलांकडे पाठवून दिला. घाई बघा. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाचीच असते ती.

त्याच वर्षी ती लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीची सभासद झाली आणि तिथल्या जाणकारांनी तिला फाडून खाल्लं. चित्रं अस्पष्ट, काचेवर ओरखडे, बोटांचे ठसे, कडा फाटलेल्या. बाईंना तंत्र येत नाही. अस्पष्टतेबद्दल तिचं म्हणणं असं की भिंग फिरवताना जिथे चित्र सुंदर दिसलं तिथे ती थांबली, आणखी पिळून रेखीव करायला गेली नाही. हे समर्थन मागाहून सुचलेलं असेल, असं मला वाटतं. पहिलं भिंगच तसं होतं. पण १८६६मध्ये मोठा कॅमेरा आणि चांगलं भिंग आल्यावरही तिने तोच मार्ग धरला, म्हणजे तोवर तो निर्णय झाला होता. दोष आधी घडतो, निवड नंतर होते. बर्लिनच्या प्रदर्शनात पदकं मिळाली. साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या हेन्री कोल यांनी १८६५मध्ये तिचे छाप विकत घेतले आणि १८६८मध्ये संग्रहालयातल्या दोन खोल्या तिला स्टुडिओसाठी दिल्या. सुरुवात करून उणीपुरी चार वर्षं झाली होती.

हौशी बाई, विरंगुळा, हे शब्द मला खटकतात ते इथे. कॅमेरॉन कुटुंबाचा पैसा सिलोनच्या कॉफीत अडकलेला होता आणि कॉफी नीट पिकत नव्हती. घरात स्वतःची सहा मुलं, शिवाय नातलगांची पोरकी मुलं. ज्युलियाने धंद्याचा स्टुडिओ काढला नाही, कारण तिच्या वर्गात ते कमीपणाचं होतं. पण कोल्नागी या लंडनच्या नामांकित चित्रविक्रेत्यांकडे तिचे छाप विकायला होते, आणि १८६२च्या नव्या कायद्याचा फायदा घेत तिने पाचशेहून अधिक चित्रांच्या स्वामित्वहक्काची नोंद केली. एकेक अर्ज भरून. विरंगुळ्यासाठी कुणी पाचशे अर्ज भरत नाही. थोरामोठ्यांना बसवण्यामागे भक्तिभाव होता तसा हिशेबही होता: टेनिसन, कार्लाइल, हर्शेल यांचे चेहरे विकले जात. १८६८च्या उन्हाळ्यात डार्विन कुटुंब फ्रेशवॉटरला मुक्कामाला आलं, तेव्हा डार्विनचा जो फोटो तिने काढला तो त्याला स्वतःला आपल्या इतर सर्व फोटोंपेक्षा आवडला. हर्शेलला तर तिने आधी केस धुवायला लावले, म्हणजे ते पांढरे आणि मोकळे दिसतील. १८६७चा तो फोटो बघा; ज्याने तिला फोटोग्राफी कळवली तो म्हातारा अंधारातून आपल्याकडे बघतो आहे.

मीदेखील पहिली दोन वर्षं ‘पैशांचं काय एवढं’ म्हणत होते. मग एका यजमानांनी आचाऱ्याला, मंडपवाल्याला, वाजंत्र्यांना मोजून पैसे दिले आणि मला ब्लाउजपीस दिला. त्यानंतर मी दरपत्रक छापून घेतलं.

आता थोरामोठ्यांचे फोटो सोडून घरातल्यांकडे येऊ. ज्युलियाचं खरं भांडवल घर होतं. भाच्या, बहिणींच्या नाती, मोलकरणी, वाटेवरून जाणारी माणसं. ज्याचा चेहरा आवडला त्याला ती आत ओढून न्यायची. भाची ज्युलिया जॅक्सन हिचे तिने काढलेले फोटो आजही जगभरच्या संग्रहालयांत लागतात. ही कलकत्त्यातच जन्मलेली भाची म्हणजे पुढे व्हर्जिनिया वूल्फची आई. मोलकरीण मेरी हिलियर हिला तिने मरियम करून किती वेळा बसवलं याची गणतीच नाही. झाडलोट, पाणी, आणि मध्येच देवमाता. लॉरा गर्नी या बहिणीच्या नातीने मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत पाठीवर मोठाले पंख बांधून देवदूत म्हणून उभं राहण्याचा त्रास आहे, आजीची दहशत आहे. चित्रातली ती उदास, पारलौकिक नजर पुष्कळदा कंटाळलेल्या पोराची आहे. हे कळल्यावर मला ती चित्रं कमी आवडेनाशी झाली नाहीत. पण बारशाला आत्याबाई बाळाला तिसऱ्यांदा टोपडं बदलायला लागल्या की मी कॅमेरा खाली ठेवते.

मेरी रायन नावाच्या मुलीची कथा मात्र सांगायलाच हवी, कारण तिचं टोक मुंबईत आहे. ही आयरिश पोर लंडनजवळ पटनी हीथ इथे आईबरोबर भीक मागायची. ज्युलियाने तिला घरात घेतलं, शिकवलं, आणि काम करणारी मुलगी व लेक यांच्या मधल्या कुठल्याशा पायरीवर वाढवलं. फोटोंत ती राजकन्या. कोल्नागींकडच्या प्रदर्शनात ही मुलगी बसलेली असताना हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने तिला पाहिलं, असं सांगतात. कॉटन जन्माने कुंभकोणमचा, हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत नुकताच निवडला गेलेला. त्याने मागणी घातली. १ ऑगस्ट १८६७ रोजी लग्न झालं आणि ज्युलियाने त्या दोघांना रोमिओ-ज्युलिएट म्हणून बसवून फोटो काढला. आमच्याकडे हल्ली औंढ्याच्या तळ्याकाठी धूर सोडून जे ‘प्री-वेडिंग’ चालतं, त्याला मी नाकं मुरडायचे; हे चित्र पाहिल्यापासून बंद केलं. हा हेन्री कॉटन पुढे सर झाला, हिंदी लोकांच्या बाजूने लिहिणारा-बोलणारा झाला, आणि डिसेंबर १९०४मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या विसाव्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. त्या अध्यक्षाच्या घरची गृहिणी कधीकाळी हीथवर हात पसरत होती आणि काचेच्या खुराड्यात राजकन्या होऊन बसत होती.

तोवर मुंबईत काय चाललं होतं? ज्युलियाच्या आधी नऊ-दहा वर्षं, १८५४मध्ये, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद. १८५५मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला; हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकून पुढे धंद्यात उतरले. म्हणजे आपण मागे नव्हतो. पण वर्ग पुरुषांचा होता. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला तो १८९२मध्ये, आणि तोही चालवायला एक इंग्रज बाई. तिथून हिंगोलीपर्यंत, मुलखाने एकच असूनही, फोटो पोचायला किती पिढ्या लागल्या हे मी घरातच मोजू शकते: माझ्या आजीचा एकही फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य घटतं असं ती म्हणायची. नव्वदीच्या घरात गेली.

आमच्या कामाचा एक भाग दरपत्रकात नसतो. घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो लागतो. लोक जुना अल्बम घेऊन येतात. ‘काकू, या लग्नातनं आमच्या आईचं तोंड काढून द्या.’ आई कोपऱ्यात, पदर डोळ्यांवर, अर्धी व्याह्यांच्या खांद्याआड. साठ वर्षांच्या संसारात तिच्याकडे कॅमेरा मुद्दाम वळवलेला नसतो. मी तो चेहरा मोठा करते, शेजारचा खांदा पुसते, मागे निळा रंग भरते. चेहरा अस्पष्टच राहतो. फ्रेशवॉटरच्या बाईच्या अस्पष्टतेवर सोसायटीतल्या लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते मला अशा वेळी आठवतं.

आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. चार वर्षांपूर्वी एका आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर फोटो काढले. नातवंडं, तुला, औक्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं बारसं होतं. घाईत मी फोटो संगणकावर न उतरवताच कार्ड कोरं केलं. कुणाचा दोष नाही, माझा. आजोबा आठ महिन्यांनी गेले. घरच्यांकडे मोबाइलवरचे फोटो होते, त्यात आजोबा कुठे पाठमोरे, कुठे हलले होते. त्यांनी मला एक शब्दही लावला नाही आणि पुन्हा बोलावलंही नाही.

१८६९मध्ये ज्युलियाच्या लक्षात आलं की आपल्या काचांवर मधाच्या पोळ्यासारखे तडे पडताहेत, पापुद्रा सुटतो आहे. पाच वर्षांतल्या उत्तम काचा. ज्या सोसायटीने तिची टिंगल केली होती तिथेच ती काचा घेऊन गेली आणि उपाय विचारला. समुद्राची खारी, दमट हवा कारण असेल, कोलोडियन असेल, वॉर्निश असेल, धुणं कमी पडलं असेल. जाणकारांचं एकमत झालं नाही. पण ती गेली, हे मला मोठं वाटतं. मी त्या घराच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले आहे.

जून १८७२मध्ये अ‍ॅडलिन गेली. ज्युलियाने मृत्युशय्येवरच्या त्या मुलीच्या एकाहून अधिक काचा घेतल्या. पुन्हा ती सगळी धावपळ मनात आणा: काच घासणं, ईथर, नायट्रेट, अंधारखोलीच्या खेपा. घरात मूल गेलेलं आणि ही बाई काळ्या हातांनी ये-जा करते आहे. आपल्याला ते निष्ठुर वाटेल. त्या काळी इंग्लंडमध्ये मृतांचे फोटो काढण्याची रीत होती, असं म्हणून ते सोपंही करता येईल. मी दोन्ही करत नाही. मला बोलावणं येतं तेव्हा मी जाते. दिवा लावलेला असतो, बायका भिंतीला टेकून बसलेल्या असतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, ‘ताई, डोळे मिटलेले तसेच येऊ द्या, उघडे करू नका.’ तिच्या चित्रातल्या मुलीसाठी एक गोष्ट सोपी होती: एरवी पोरांना हलू नका म्हणून बजावावं लागे.

पुढच्याच वर्षी, १८७३मध्ये, पेटी देणारी लेक बाळंतपणात वारली. १८७४मध्ये ज्युलियाने आपल्या कामाची हकिकत लिहायला घेतली, ‘अ‍ॅनल्स ऑफ माय ग्लास हाउस’. ती अर्धीच राहिली आणि छापली गेली तिच्या मृत्यूनंतर, १८८९मध्ये. मी ती कोश मांडीवर घेऊन वाचली. कोंबड्यांचा विनोद, शेतकरी, अ‍ॅनी, सगळं त्यात आहे. पहिल्या भिंगाचा उल्लेख येतो तेव्हा ती देणाऱ्या लेकीला दिवंगत म्हणते आणि पुढे जाते.

१८७५मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेलं; म्हातारपण मळ्याजवळ, मुलांजवळ, कमी खर्चात. सामानात दोन शवपेट्या होत्या आणि काचसामान त्यांतच भरलं होतं, अशी दंतकथा आहे. बंदरावर हमालांना बक्षिसी म्हणून फोटो दिले, अशीही. सिलोनमध्ये तिने थोडेच फोटो काढले. कलुतरा इथल्या माणसांची ही चित्रं मी वारंवार बघते. चेहरे सुंदर आहेत, उजेड तोच जुना. पण इंग्लंडमधल्या तिच्या मोलकरणींची नावं आपल्याला माहीत आहेत. इथे ‘कलुतराचे शेतकरी’ एवढंच. ज्या मळ्यांच्या उत्पन्नावर काचा, भिंगं आणि चांदीची रसायनं आली, त्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांचीही नावं नाहीत. मी बाईंवर लोभ करते, पण हे तिच्या खात्यावर लिहिते. माझ्या वहीतल्या त्या सात स्वारांसारखंच आहे हे.

२६ जानेवारी १८७९ रोजी दिकोया खोऱ्यात ती वारली. बोगवंतलावाच्या चर्चजवळ तिचं दफन झालं. पुढच्या वर्षी चार्ल्सरावही गेले. चित्रांची संख्या अभ्यासकांनी बाराशेवर मोजली आहे. त्यांतली बहुतेक फ्रेशवॉटरच्या त्या अकरा-बारा वर्षांतली. १९२६मध्ये व्हर्जिनिया वूल्फने रॉजर फ्रायबरोबर तिच्या फोटोंचं पुस्तक काढलं, तोवर तिला पुष्कळ लोक विसरले होते.

पदपथावरच्या पुस्तकातलं अ‍ॅडलिनचं पान मी गेल्या पावसाळ्यात साध्या कागदावर उतरवून घेतलं. हिंगोलीच्या छावणीची फाइल काढली, ६ मे १८६२चं टिपण शोधलं आणि त्याच्या मागे ते टाचलं. मग दरवाजाला कुलूप लावून निघाले. सहस्रचंद्रदर्शनवाल्या घरी धाकट्या नातीचं डोहाळजेवण होतं. बोलावणं नव्हतं. कॅमेरा नेला नाही. कार्डाचं काय झालं होतं ते सांगायचं होतं.